लिदीवरची छत्री आणि आईचं इन्फेक्शन

प्रश्न: आईला लघवीचं इन्फेक्शन सारखं होतंय. परवा कल्चरच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय आला आणि निम्म्या औषधांपुढे ‘आर’, म्हणजे ती लागू पडणार नाहीत. आमच्याकडे पावसात शेणखतावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, त्यातल्या पेप्टाइडपासून नवीन अँटिबायोटिक येणार असं ऐकलं. आईला खाऊ घालून बघू का?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर: नको ताई, अजिबात नको! रानातली विषारी छत्री नुसतं बघून ओळखता येत नाही आणि काही छत्र्या तर लिव्हरच निकामी करतात. बाजारातलं बटन मशरूम भाजी म्हणून खुशाल खाऊ दे, औषध म्हणून नाही.

पण तुम्ही ऐकलंय ते खोटं नाहीये. घोड्याच्या लिदीवर उगवणाऱ्या एका छत्रीत २०१४ मध्ये कॉप्सिन नावाचं पेप्टाइड (म्हणजे प्रोटीनसारखीच, पण छोटी साखळी) सापडलं, ५७ अमिनो आम्लांची, सहा ठिकाणी गंधकाचे टाके घालून इतकी घट्ट बांधलेली की उकळत्या पाण्याच्या तापमानालाही टिकते. त्याआधी २००५ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी एका काळ्या बुरशीतून प्लेक्टासिन काढलं, ते ४० अमिनो आम्लांचं. लिदीत बुरशी आणि जिवाणू एकाच खाण्यावर तुटून पडतात ना, तिथे बुरशीचं हे हत्यार, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे दोन्ही पेप्टाइड जिवाणूची भिंत बांधायची वीटच पकडून ठेवतात, लिपिड टू म्हणतात तिला, मग भिंत पुरी होत नाही आणि जिवाणू मरतो. आपल्या पिंपरीत १९५५ पासून बनायला लागलेलं पेनिसिलिन पण बुरशीचंच, तेही ती तीन अमिनो आम्लं जोडून बनवते.

आता आईचं. ई. कोलायला भिंतीच्या बाहेरून अजून एक पापुद्रा असतो, त्यातून ही पेप्टाइड आत विटेपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून त्यांचा जोर न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकोकससारख्या पापुद्रा नसलेल्या जिवाणूंवर. शिवाय एवढी मोठी साखळी पोटातून रक्तात फारशी जातच नाही, त्यामुळे औषध झालंच तर बहुतेक इंजेक्शनच लागेल आणि आज मेडिकलमध्ये कॉप्सिन किंवा प्लेक्टासिन मिळत नाही.

रिपोर्टवर ज्या औषधांपुढे ‘एस’ (म्हणजे लागू पडणारी) लिहिलंय ती दाखवून डॉक्टरांशी बोला, सारखं का होतंय हेही विचारा, म्हणजे शुगर, मुतखडा, लघवी पूर्ण होतेय की नाही हे तपासता येईल. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेत दुखायला लागलं तर त्याच दिवशी जा, आणि घरातल्या उरलेल्या जुन्या गोळ्या तेवढ्या देऊ नका.