चाळीस लॅप मारता, पण धरणात भिंत कुठाय?

प्रश्न : काका, मी रोज सकाळी तलावावर चाळीस लॅप मारतो. पुढच्या रविवारी आम्ही सहा जण इगतपुरीजवळ भावली धरणाकडे मुक्कामाला चाललोय, दोन कयाक भाड्याने ठरवल्यात. लाइफ जॅकेट घातलं की हात नीट चालत नाहीत. पोहता येत असताना ते घालायलाच हवं का? मधल्या खडकापर्यंत पोहून जायचाही बेत आहे.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पंचवीस मीटरच्या तलावात चाळीस लॅप म्हणजे एक किलोमीटर. कौतुक आहे! पण त्यात तुम्ही एकोणचाळीस वेळा भिंतीला पाय लावून रेटा घेतलात. धरणात भिंत नाही, तळाची रेघ नाही. डोकं खाली घातलं की नुसता हिरवट अंधार.

मी निफाडकडचा, विहिरीत सांगड, म्हणजे तरंगायचा आधार, बांधून पोहायला शिकलेला. विशीत वाटायचं, पाणी काय, आपल्या घरचंच. एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलेलं असताना काठाशी पाय टेकवायला गेलो, तर गुडघ्यापर्यंत गाळात. एक पाय ओढावा तर दुसरा आणखी खाली. शेवटी पाठीवर आडवा झालो, हातांनी पाणी मारत राहिलो, तेव्हा कुठे पाय सुटले. एक चप्पल अजून तिथेच असेल. गाळात उभं राहायची धडपड करू नका, आडवे व्हा.

उडी तर नकोच. वरचं पाणी कोमट लागतं, खाली पायाला गार. एकदम गारव्यात गेलं की धाप लागते, श्वास आपोआप आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. हळूहळू उतरा.

कयाकमध्ये जॅकेट हवंच. बगलेत मोकळं कापलेलं मागा, हात चालतात. सगळे बंद आवळा आणि मित्राला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमचं नाही. किती वजनाच्या माणसासाठी आहे तेही आत छापलेलं असतं, वाचा. कयाक उलटली तर तिला धरून राहा, माणसापेक्षा ती लांबून दिसते.

खडकाचं म्हणाल तर, नाही. पाण्यावरचं अंतर फसवं असतं, आणि दुपारी वारा सुटला की परतताना लाटा तोंडावर येतात. पोहायचंच तर काठाला धरून, सोबत एक कयाक ठेवून. सांडव्याच्या, म्हणजे धरणाचं जादा पाणी बाहेर पडतं त्या जागेच्या, आसपास अजिबात नाही. पोहायला मनाईची पाटी दिसली तर विषय तिथेच संपला.

कोणी गटांगळ्या खाऊ लागला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. दोर, काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा जार, जे हाताशी असेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसायची आपल्याकडे जुनी खोड आहे, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

मुक्काम म्हटला की बाटली निघतेच. ती काढायची कयाक काठावर ओढून उलट्या ठेवल्यानंतर.