पेशंट गेला तरी रडू येत नाही, मी निबर झाले का?

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या नर्सिंगमधल्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात, तोही बहुतेक वेळा निघताना, पर्स खांद्याला लावता लावता. सविताने (नाव बदललंय) मात्र आल्या आल्याच विचारला. महापालिकेच्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला, नोकरी १४ वर्षांची, राहायला बदलापूर. मुलीला १०१ ताप होता आणि ही तिला म्हणाली, "वॉर्डात १०४ वाले पडलेत, तुला काय धाड भरलीय?" मुलगी दोन दिवस बोलली नाही. मग हिला आठवलं, की गेल्या नाईटला एक बाबा गेले तेव्हा आपल्या डोक्यात पहिलं आलं ते बॉडी पॅक करायला वॉर्डबॉय मामा कुठे सापडणार, हेच.

"काय वाटतं" हे मी विचारलंच नाही. ती नाईट तासातासाने सांगायला लावली. दोघी सिस्टर, खाली गाद्यांवरचे धरून साठच्या वर पेशंट. एकाला ब्लड चालू, एकाला फिट आलेली, नातेवाईक टेबलापाशी आवाज चढवून उभे. चौदा नंबरच्या बाबांनी हात धरला, "जरा बस गं पोरी." ही "आलेच बाबा" म्हणून गेली. परत आली तोवर संपलं होतं. बाबांच्या माकडटोपीचा रंग, उशाखाली घडी करून ठेवलेला अर्धा बिस्किटपुडा, मुलाचा न लागलेला फोन, सगळं तिने न अडखळता सांगितलं. निबर माणसाला माकडटोपीचा रंग आठवत नाही. हे मी तिला तसंच्या तसं सांगितलं.

सतत थकलेल्या माणसाला पेशंटऐवजी बेड नंबर दिसायला लागतो, हे बर्नआउटचं, म्हणजे कामाने पार पिळून निघाल्याचं, ओळखीचं लक्षण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. पण सविताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. काय करायला हवं ते कळतंय, पण परिस्थिती ते करू देत नाही, या घुसमटीबद्दल अँड्र्यू जेमटन या अमेरिकन नीतितत्त्वज्ञाने १९८४ मध्येच लिहिलं, आणि तेही नर्सेसबद्दल. बाबांजवळ पाच मिनिटं बसायला हवं होतं हे तिला पक्कं माहीत होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. तिच्या वॉर्डाचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून "मन खंबीर करा" छापाच्या सल्ल्याचा मला राग येतो. नाईट संपवून आलेल्या मुलींना सकाळी हॉलमध्ये बसवून स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर देतात. निम्म्या तिथेच झोपतात, आणि माझ्या मते तेच त्यांना जास्त उपयोगी पडतं.

आम्ही जे ठरवलं ते अगदी साधं होतं. पेशंट गेला की कागदपत्रं झाल्यावर दोघींनी ड्युटी रूममध्ये चहा घ्यायचा आणि त्या माणसाबद्दल बोलायचं, नावानिशी, बेड नंबरने नाही. ओव्हर देताना औषधं, सलाईन, रिपोर्ट सगळं पुढच्या पाळीला जातं. गेलेल्या माणसाचं हे ओझं तेवढं घरी येतं. लोकलमध्ये तिच्यासोबत आणखी तिघी-चौघी स्टाफ असतात. त्यांच्याशी बोलून तिनेच नियम केला: ठाण्यापर्यंत वॉर्डाचा विषय, ठाणं सोडलं की बंद. पहिल्या आठवड्यात तो डोंबिवलीपर्यंत लांबला, चालायचंच. नाइटनंतरची झोप मात्र पाहुणे आले तरी मोडायची नाही, हे नवऱ्याला समोर बसवून सांगावं लागलं. मुलीशी काय बोलायचं ते मी सुचवलं नाही, ते तिने तिचं निस्तरलं.

ऑफच्या दिवशीही झोप लागत नसेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर चहा आणि लोकलवर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही चालतो, म्हणजे नाईटवाल्यांच्या सोयीचा.

सविताने मध्यंतरी इनचार्ज सिस्टरना सोबत घेऊन मेट्रनकडे लेखी दिलं: कुठल्या रात्री किती पेशंट, किती स्टाफ, तारखेसकट. तिसरी सिस्टर अजून मिळालेली नाही. कागदाची पोच मात्र तिने आठवणीने घेतलीय.