आईची खालची दाढ काढून दीड वर्ष झालं. इम्प्लांट करावं, ब्रिज करावा, की तसंच राहू द्यावं?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६२, साखर आहे, एक डॉक्टर इम्प्लांट (हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात) म्हणतात, दुसरे ब्रिज (बाजूच्या दोन दातांना धरून बसवलेला दात), आणि आई म्हणतात एका दाढेवाचून काही अडत नाही. मी डॉक्टर नाही. डेंटल लॅबमध्ये कॅप आणि ब्रिज बनवतो, त्यामुळे लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे दिवसभर माझ्या टेबलावर असतात. तेवढ्यावर सांगतो.

अडत नाही हे खरं, पण तोंड थांबून राहत नाही. जुनी मोकळी जागा साच्यात बघितली की मागची दाढ पुढे कललेली असते आणि वरची दाढ समोर टेकायला काही नाही म्हणून खाली उतरलेली असते. मग नवा दात बसवायला उंचीच उरत नाही. वरची दाढ घासा, कधी तिचं रूट कॅनाल करा, असा खर्च वाढत जातो. म्हणून ‘तसंच राहू द्या’ला माझं मत नाही.

ब्रिज की इम्प्लांट, हे मात्र बाजूच्या दोन दातांवर ठरतं. ब्रिजसाठी ते दोन्ही दात चहूबाजूंनी घासून खुंटासारखे करावे लागतात. घासलेलं इनॅमल परत येत नाही. ते दात धडधाकट असतील तर एका दाढेपायी त्यांचा बळी का द्यायचा? तिथे इम्प्लांटच बरं. पण त्यांचं रूट कॅनाल झालेलं असेल, मोठी सिमेंट भरलेली असतील, तर त्यांना कॅप लागणारच असते. मग ब्रिजने तिन्ही कामं एकदम होतात आणि सहसा स्वस्तही पडतं.

टिकण्याची शंका काढू नका. टायटॅनियम हाडात घट्ट रुजतं हे ब्रोनेमार्क या स्वीडिश डॉक्टरांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर काम करताना कळलं. १९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्गला पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले, आणि २००६ मध्ये तो वारला तेव्हाही ते तोंडात होते. पण हाड रुजायला वेळ घेतं. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने धरा. ‘एका दिवसात पक्का दात’ अशी पाटी दिसली तर आधी दहा प्रश्न विचारा.

साखर आटोक्यात असेल तर इम्प्लांट होतं. फक्त उपाशीपोटीचा रिपोर्ट दाखवू नका, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून न्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून आई गोळ्या किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असतील तर ते न विचारताही सांगा, जबड्याच्या हाडाला त्याने धोका असतो. आणि मिशरी! ‘तंबाखू खाता का’ विचारलं की बायका सरळ नाही म्हणतात, कारण मिशरी त्यांच्या हिशेबी तंबाखूत येतच नाही. लावत असतील तर आधी ती सुटू द्या.

खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते, म्हणून सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) बघून नस किती लांब आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्या. खर्च विचारताना स्क्रू, ॲबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा मधला तुकडा) आणि कॅप तिन्ही धरून विचारा, हाड भरावं लागलं तर त्याचा आकडा वेगळा.

काम झालं की कंपनी, साईज आणि लॉट नंबरचा स्टिकर मागून घ्या आणि फाईलला लावा. आमच्याकडे कधी कधी परगावची केस येते, कॅप हलतेय म्हणून. स्क्रू कुठल्या कंपनीचा ते पेशंटलाही माहीत नसतं आणि बसवणाऱ्याचा दवाखाना बंद झालेला. प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, मग एक्स-रे उजेडात धरून आम्ही अंदाज बांधत बसतो.

बाजूच्या दोन दातांची स्थिती तुम्ही लिहिली नाहीत. कॅप, रूट कॅनाल काही झालंय का, तेवढं आईंना विचारून कळवा.