आर्ट्स अँड क्राफ्ट्स काळातल्या छापखान्याचा इतिहास कसा शोधावा? (एसेक्स हाऊस प्रेस)

तुम्ही लिहिलंय की सध्या चेल्टनममध्ये राहता, तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एसेक्स हाऊस प्रेसचं एक पुस्तक हाती लागलं आणि आता हा छापखाना कुणी काढला, कुणी चालवला, कसा बंद पडला हे स्वतः शोधून मराठीत लिहायचंय. इतिहासाची पदवी नाही, मुद्रणाची माहिती नाही, तर सुरुवात कुठून करू, असा तुमचा प्रश्न आहे. मी या छापखान्याच्या मागे काही वर्षं आहे. आमच्या घरी ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं छपाईयंत्र) होतं, त्यामुळे खिळे (धातूची सुटी अक्षरं), फर्मा (एकदम छापायला चौकटीत आवळलेली जुळणी), गॅली (जुळवलेल्या ओळी ठेवायचं ताट) हे शब्द लहानपणापासून कानावर होते. मला त्याचा फार उपयोग झाला. पण ते नसलं तरी अडत नाही.

पुस्तक हातात आहे, म्हणजे सर्वांत भरवशाचा पुरावा तुमच्याकडेच आहे. शेवटचं पान उघडा. आपल्याकडे पोथी लिहून झाली की लेखनिक शेवटी आपलं नाव, गाव, शक, तिथी घालून पुष्पिका लिहायचा. युरोपातल्या सुरुवातीच्या छापील ग्रंथांतही तशीच प्रथा होती आणि आर्ट्स अँड क्राफ्ट्स या हातकारागिरीला मान देणाऱ्या चळवळीतल्या मंडळींनी ती मुद्दाम पुन्हा सुरू केली. किती प्रती काढल्या, तुमची प्रत कितवी, छपाई कुणाच्या देखरेखीखाली झाली, चित्र कुणाचं, ते लाकडात कुणी कोरलं, काम कधी संपलं, यातलं बरंचसं तिथे सापडेल. ती पुष्पिका विरामचिन्हांसकट जशीच्या तशी उतरवून घ्या. पुढे जे काही वाचाल ते तिच्याशी ताडून पाहायचं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती कुठेही मिळेल. १५ नोव्हेंबर १८८८ ला मुद्रणाचे जाणकार एमरी वॉकर यांनी लंडनमध्ये आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या प्रदर्शनात मुद्रणकलेवर व्याख्यान दिलं आणि जुन्या ग्रंथांची पानं पडद्यावर मोठी करून दाखवली. ते पाहून कवी, नक्षीकार आणि समाजवादी विल्यम मॉरिस पेटले. १८९१ मध्ये हॅमरस्मिथला त्यांनी केल्मस्कॉट प्रेस काढला. १८९६ मध्ये मॉरिस गेले, १८९८ मध्ये छापखाना बंद झाला. त्याच वर्षी वास्तुरचनाकार सी. आर. ॲशबी यांनी केल्मस्कॉटची हाताने चालवायची दोन लोखंडी छपाईयंत्रं, म्हणजे ॲल्बियन प्रेस, घेतली, तिथली काही माणसंही घेतली आणि माईल एंड रोडवरच्या एसेक्स हाऊसमध्ये नवा छापखाना उभा केला. ॲशबींची कारागिरांची संस्था, गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट, तिथे आधीपासूनच होती. १९०२ मध्ये ही सगळी संस्था बायकामुलांसह लंडन सोडून कॉट्सवोल्ड्स टेकड्यांमधल्या चिपिंग कॅम्डन या गावाला गेली. १९१० च्या सुमाराला छापखाना थांबला.

आता पुन्हा तुमच्या पुस्तकाकडे. मॉरिस यांचा टाईप (त्यांच्या खास वळणाचे खिळे) त्यांच्या विश्वस्तांनी विकला नाही, म्हणून ॲशबींनी सुरुवात कॅसलॉन या जुन्या टाईपवर केली. त्यांनी स्वतः काढलेला एंडेव्हर टाईप १९०१ मध्ये आला. प्रार्थनापुस्तकासाठी त्याचंच मोठं रूप १९०३ मध्ये वापरात आलं. एंडेव्हरची अक्षरं चटकन ओळखू येतात, काहींना तर ती खुपतात. मलाही ती वाचायला जड जातात, पण काळ ठरवायला त्यांच्यासारखी खूण नाही: एंडेव्हरमध्ये जुळवलेलं पान १९०१ च्या आधीचं असूच शकत नाही. उलटं मात्र धरू नका, कारण कॅसलॉन नंतरही वापरात होता. मग कागद उजेडासमोर धरा आणि वॉटरमार्क (कागदातच उमटलेलं चिन्ह) शोधा. केल्मस्कॉटसाठी केंटमधल्या बॅचलर यांच्या गिरणीत हातकागद होत असे आणि त्यात फूल, मासा आणि सफरचंद अशी तीन चिन्हं होती. कुठल्या चिन्हाचा कागद कुठल्या पुस्तकाला लागला याच्या नोंदी आहेत. तुमच्या पुस्तकात जे दिसेल त्याचं रेखाटन करून ठेवा.

आणि पान उलटं करून मागच्या बाजूवरून बोट फिरवा. ओलसर केलेल्या हातकागदावर दांडा ओढून छापलं की अक्षर नुसतं उमटत नाही, रुतून बसतं. मागून त्याच्या बारीक कडा बोटाला लागतात. एकाच पुस्तकात काही पानांवर हा दाब खोल आणि काहींवर उथळ असतो. फर्मा बदलला, प्रेसवरचा माणूस बदलला, की हाताचं वजन बदलतं. इंटरनेट अर्काइव्हवर ॲशबींची बरीच पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत, घरबसल्या मजकूर वाचायला ती उत्तम आहेत, पण ही गोष्ट स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून एखाद्या ग्रंथालयात जाऊन तुमच्याच पुस्तकाची दुसरी प्रत मागवा आणि दोन्ही प्रती ताडून पाहा.

माझं सांगणं एवढंच की मालकापेक्षा जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्या, मागे लागा. ॲशबींवर भरपूर लिहिलं गेलंय. खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर उभं राहून जुळवणी करणाऱ्यांवर फार थोडं, आणि छापखाना चालला तो त्यांच्या हातांवर. थॉमस बिनिंग यांचंच घ्या. मॉरिस यांच्या सोशलिस्ट लीगचं ‘कॉमनवील’ हे पत्र ते छापत, पुढे केल्मस्कॉटमध्ये जुळारी झाले, तिथून एसेक्स हाऊसमध्ये आले. पक्का युनियनचा माणूस. म्हणजे चळवळीचं वर्तमानपत्र, श्रीमंतांसाठी काढलेले देखणे ग्रंथ आणि ॲशबींचा सहकारी प्रयोग या तिन्ही ठिकाणी एकाच माणसाच्या हाताखालून खिळे गेले. लाकडात कोरणारे डब्ल्यू. एच. हूपर हेही असेच केल्मस्कॉटहून एसेक्स हाऊसला आलेले. किंवा जेन पाईन. या केल्मस्कॉटमध्ये जुळारी होत्या आणि १८९२ मध्ये लंडनच्या जुळाऱ्यांच्या संघटनेनं त्यांना सभासद करून घेतलं. संघटनेत आलेली ही पहिली बाई. पुरुषांइतकीच मजुरी मिळत असेल तरच बाईला सभासदत्व, ही संघटनेची अट होती. त्यामुळे या एका नोंदीतून केल्मस्कॉटमधल्या मजुरीबद्दलही कळतं. या संघटनेची कागदपत्रं कॉव्हेंट्रीला, वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. तुम्हाला ते फार लांब नाही.

नावं मिळाली की बहुतेक जण जनगणनेकडे धावतात, आणि इथे एक मोठी अडचण आहे ती आधीच सांगून ठेवतो. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी एका ठरावीक रात्रीची मोजणी होते. १९०१ ची झाली ३१ मार्चला, तेव्हा ही माणसं पूर्व लंडनमध्ये होती. पुढची २ एप्रिल १९११ ला. तोवर गिल्डची कंपनी मोडली होती, छापखाना थांबला होता आणि बरेच जण पांगले होते. कॅम्डनमधली छापखान्याची सगळी वर्षं या दोन रात्रींच्या मध्ये पडतात. म्हणून जनगणनेत कॅम्डनचा छापखाना शोधून सापडणार नाही. त्या मधल्या वर्षांसाठी मतदारयाद्या, गावातल्या शाळेच्या नोंदवह्या आणि ‘इव्हशॅम जर्नल’सारखं कॅम्डनच्या बातम्या छापणारं वर्तमानपत्र पाहावं लागतं. लंडनहून अचानक एवढी बिऱ्हाडं आली, त्यांची पोरं गावच्या शाळेत बसली, तेव्हा त्याचा माग कुठे ना कुठे राहिलाच. चिपिंग कॅम्डन हिस्ट्री सोसायटीकडे गावाचं चांगलं संकलन आहे आणि ग्लॉस्टरला जिल्ह्याचं अभिलेखागार आहे. १९२१ ची जनगणनाही पाहा. तिच्यात मालकाचं नाव विचारलं होतं, त्यामुळे इथून गेलेला जुळारी पुढे कुणाकडे लागला हे कळू शकतं.

ॲशबींच्या रोजनिश्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये आहेत आणि त्यावरून त्यांनी पुढे तयार केलेल्या आठवणींची टंकलिखित प्रत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या ग्रंथालयात. रोजनिश्यांत त्यांच्या पत्नी जॅनेट यांनी लिहिलेली पानं आहेत, ती आवर्जून वाचा. ॲशबी कल्पनेत रमतात, जॅनेट माणसांकडे पाहतात. १९०९ मध्ये ॲशबींनी खासगी छापखान्यांवर एक पुस्तकही लिहिलं, त्यात एसेक्स हाऊसच्या पुस्तकांची सूची आहे. तुमचं पुस्तक आधी त्या सूचीत शोधा.

आता ज्या गोष्टीत मी सर्वांत जास्त गुंतलो ती सांगतो, म्हणजे पुरावा कसा तोलायचा हे ध्यानात येईल. आपल्याकडे नटराजावरच्या लेखनामुळे माहीत असलेले आनंद कुमारस्वामी १९०७ मध्ये कॅम्डनजवळच्या ब्रॉड कॅम्डनला राहायला आले. नॉर्मन चॅपल नावाची पडझड झालेली जुनी वास्तू ॲशबींनी त्यांच्यासाठी दुरुस्त करून दिली होती. तिथे कुमारस्वामींनी सिंहली कलेवरचा आपला मोठा ग्रंथ स्वतःच्या देखरेखीखाली, एसेक्स हाऊसच्या प्रेसवर हाताने छापून घेतला. सप्टेंबर १९०७ ते डिसेंबर १९०८ एवढा काळ त्याला लागला, प्रती काढल्या ४२५. मॉरिस यांनी ज्या प्रेसवर मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसर याचा ग्रंथ छापला त्याच प्रेसवर हे पुस्तक छापलंय, असं त्यात अभिमानानं नोंदवलंय. श्रीलंकेच्या कारागिरांवरचं पुस्तक इंग्लंडमधल्या एका खेड्यात, मॉरिस यांच्या प्रेसवर छापलं जावं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

पण अमेरिकेत रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ६५५१ क्रमांकाचा एक ॲल्बियन आहे. १९२४ मध्ये तो अक्षरवळणं घडवणारे फ्रेडरिक गाउडी यांच्याकडे गेला, २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या संस्थेनं तो घेतला, आणि तोही चॉसरचाच प्रेस म्हणून ओळखला जातो. मग कुमारस्वामींचा प्रेस तो हाच का? इथे घाई करू नका. चॉसरचं काम ऑगस्ट १८९४ मध्ये सुरू झालं. आवाका एवढा वाढला की १८९५ च्या सुरुवातीला त्यासाठी दुसरा प्रेस लावावा लागला, आणि मे १८९६ मध्ये छपाई संपली. चॉसर दोन प्रेसवर छापला गेला. त्यामुळे दोन वेगवेगळ्या प्रेसबद्दल ‘यावर चॉसर छापला’ असं कुणी लिहिलं, तर दोघंही खरं बोलत असू शकतात. अशा वेळी वाक्यावर विसंबायचं नाही. लोखंडावर कोरलेला क्रमांक आणि विक्रीची पावती शोधायची. रोचेस्टरच्या प्रेसवर पोलादी पट्ट्या मारलेल्या आहेत, चॉसरच्या जड फर्म्यांचा दाब सांगाड्याला सोसावा म्हणून. असा पुरावा बोलका असतो आणि तो प्रेसजवळ उभं राहूनच पाहायचा. लिलावाच्या सूचीपत्रातली मालकांची साखळी मात्र प्रत्येक कडी तपासून मगच उतरवून घ्या. सूचीपत्र विकण्यासाठी लिहिलेलं असतं.

कॅम्डनला एक दिवस काढा. शीप स्ट्रीटवरची रेशमाची जुनी गिरणी अजून उभी आहे. तळमजल्यावर छापखाना, वर चांदीकाम, सर्वांत वर सुतारकाम, अशी मांडणी होती. वरच्या मजल्यावर हार्ट घराण्याचं चांदीकाम आजही चालतं, गिल्डपासून अखंड. गावात कोर्ट बार्न नावाचं छोटं संग्रहालय आहे, तेही पाहा.

राहिला प्रश्न बंद कसा पडला याचा. ‘यंत्रापुढे हाताचं काम टिकलं नाही’ एवढ्यावर थांबू नका. गिल्ड लंडनमध्ये असताना काम मंदावलं की कारागीर शहरात दुसरीकडे लागायचे आणि तेजी आली की परतायचे. कॅम्डनमध्ये दुसरं काम नव्हतं, त्यामुळे मंदीतही सगळ्यांचा पगार संस्थेच्या अंगावर पडला. बाजारपेठ लांब गेली ती वेगळीच. ही बाजू कागदावर पाहायची तर लक्षात ठेवा की गिल्ड १८९८ पासून मर्यादित भांडवलाची कंपनी होती आणि १९०८ मध्ये ती गुंडाळली गेली. अशा विसर्जित कंपन्यांच्या फाइली लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३१ या मालिकेत ठेवतात. सगळ्या कंपन्यांच्या जपलेल्या नाहीत, म्हणून जाण्याआधी ऑनलाइन सूचीत नाव टाकून पाहा. फाइल निघालीच, तर आधी भागधारकांची यादी उघडा. तिच्यात प्रत्येकाचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि भागांची संख्या असते, त्यामुळे कारागिरांपैकी कुणाकुणाचे पैसे या प्रयोगात अडकले होते हे तिथे सरळ वाचता येईल.