आईला अधूनमधून धडधडतं, पण ईसीजी नॉर्मल येतो. मग होल्टर कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६४ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू. महिन्यातून दोन-तीनदा बसल्या जागी छातीत धडधड सुरू होते आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबते. फॅमिली डॉक्टरांनी दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल, म्हणाले टेन्शन आहे. आता हृदयरोगतज्ज्ञांनी होल्टर, म्हणजे अंगावर बांधून दिवस-रात्र सलग ईसीजी नोंदणारं छोटं यंत्र, सांगितलाय आणि घरात कुजबुज आहे की हा पैसे काढायचा धंदा असणार. शिवाय शेजारच्या काकांना धडधडीवरच ‘रक्त पातळ करायची’ गोळी दिलीय, तीच आईला चालेल का?

मी डॉक्टर नाही. परळ भागातल्या एका हॉस्पिटलात टेक्निशियन आहे. आधी ईसीजी आणि होल्टर बघायचे, आता इपी लॅबमध्ये असते, म्हणजे ठोक्यांच्या गडबडींचं काम जिथे चालतं त्या कॅथलॅबमध्ये. कुठली गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण होल्टर करावा का याचं उत्तर ठामपणे देते: करा. आणि काकांची गोळी आईच्या तोंडात घालू नका.

ईसीजी नॉर्मल आला याचा अर्थ नीट समजून घ्या. नेहमीच्या ईसीजीत साधारण १० सेकंदांचे ठोके नोंदले जातात. आईला धडधडतं महिन्यातून दोन-तीनदा, तेही रात्री सिरियल बघताना, आणि ईसीजी निघतो दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात. त्या १० सेकंदांत ठोके ठीक होते एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद फुकट गेला असं मात्र नाही. जुना हार्ट अ‍ॅटॅक, हृदयातल्या विजेच्या मार्गातला अडथळा, जन्मजात असलेला एखादा जादा विद्युतमार्ग, असलं काही असेल तर ते धडधड नसतानाही बरेचदा दिसतं. म्हणून डॉक्टर तो आधी मागतात.

आता धडधडीत होतं काय? हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात साइनस नोड नावाचा पेशींचा एक बारीक पुंजका असतो, तो स्वतःच मिनिटाला ६० ते १०० वेळा वीज सोडतो. १९०७ साली कीथ आणि फ्लॅक यांनी तो शोधला. ती वीज वरच्या दोन कप्प्यांतून पसरते, मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. खालचे कप्पे भरायला वेळ मिळावा म्हणून हे रेंगाळणं. या वाटेवर कुठेही गडबड झाली की ठोका चुकतो, धावतो किंवा मंदावतो. बाहेरून सगळ्याला आपण ‘धडधड’ म्हणतो, पण आतली भानगड दर वेळी वेगळी असते आणि औषधपाणी त्या भानगडीवर ठरतं. म्हणून सगळा आटापिटा एकाच गोष्टीसाठी: धडधड चालू असतानाची ईसीजीची पट्टी हाती लागली पाहिजे.

तुमच्या वर्णनावरून मुख्य दोन शक्यता डॉक्टरांच्या डोक्यात असणार.

पहिली एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून झटक्यात सुरू होणारे वेगवान ठोके. एव्ही नोडच्या आसपास किंवा एखाद्या जादा वाटेने वीज गोल फिरत राहते, रिंग रूटच्या बससारखी, आणि प्रत्येक फेरीला एक ठोका पडतो. ठोके मिनिटाला दीडशे ते सव्वादोनशे, पण अगदी नियमित. ओळखायची खूण म्हणजे ती बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच थांबते. टेन्शनची धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते. मला आठवतं, डोंबिवलीच्या एक काकू होल्टर परत द्यायला आल्या, सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: ‘४.१० मेथी निवडताना सुरू, ४.२२ बंद.’ संगणकावर ४.१० गाठलं तर तिथेच एक ठोका वेळेआधी पडलेला आणि त्याच्या पाठोपाठ १७० च्या वेगाने ठोक्यांची रांग, ४.२२ पर्यंत. त्या काकूंना बराच काळ चिंतेच्या गोळ्या चालू होत्या. बायकांच्या धडधडीला ‘टेन्शन’ किंवा ‘पाळी जातेय ना, होतं असं’ म्हणून वाटेला लावतात, याचा मला मनस्वी राग आहे.

एसव्हीटी जिवावर क्वचितच बेतते. कॅज्युअल्टीत आधी पेशंटला अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोरात फुंकायला लावतात, मग चटकन आडवं करून पाय वर उचलून धरतात. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, नुसतं बसून फुंकल्यावर १७ टक्के. तेवढ्याने जमलं नाही तर अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन. ते शरीरात काही सेकंदच टिकतं, म्हणून झपकन द्यावं लागतं आणि मागोमाग सलाइनचा धक्का. मॉनिटरवरची रेघ दोन-चार सेकंद सपाट होते, पेशंटचा चेहरा पांढरा पडतो, ‘गेलो’ असं बरेच जण खरंच म्हणतात, आणि मग एक, दोन, तीन असे शिस्तीत ठोके येऊ लागतात. कितीही वेळा पाहिलं तरी ते सेकंद मला लांब वाटतात.

कायमचा इलाज अ‍ॅब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक वायरी हृदयापर्यंत नेतात, गोल फिरणारी वाट नेमकी कुठे आहे ते शोधतात आणि त्या जागी उष्णतेने चिमूटभर डाग देतात. छाती उघडायची नाही, बहुधा पूर्ण भूलही लागत नाही. नेहमीच्या प्रकारच्या एसव्हीटीत शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक यातून बरे होतात. एव्ही नोडला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका थोडासा असतो, तो डॉक्टरांना आधी विचारा. लपवायची गोष्ट नाही ती.

दुसरी शक्यता एट्रियल फिब्रिलेशन, सगळे एएफ म्हणतात. चौसष्ट वय आणि बीपी, म्हणून ही धरावीच लागते. यात वरचे कप्पे नीट आकुंचन पावतच नाहीत, नुसते थरथरतात. एव्ही नोड त्यातले काही ठोके खाली सोडतो, काही अडवतो, त्यामुळे नाडीला कसलाच ताल राहत नाही. घरी बघायचं असेल तर अंगठ्याच्या खाली मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी पाहा. मधूनच एखादा ठोका गळला आणि बाकी ताल धरून आहे, तर ते वेगळं. काहीच अंदाज बांधता येत नाही अशी वेडीवाकडी लागली, तर लगेच ईसीजी.

एएफची खरी भीती धडधडीची नसून लकव्याची आहे. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याच्या एका पिशवीवजा कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत जाते. लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. काकांना गोळी दिली ती यासाठी. धडधड थांबवायला नव्हे. ती कोणाला द्यायची हे वय, बीपी, मधुमेह, आधी झालेला लकवा, हृदय कमजोर असणं अशा गोष्टींना गुण देऊन ठरवतात. एसव्हीटीत ही गोळी लागत नाही, आणि विनाकारण घेतली तर पोटात किंवा डोक्यात रक्तस्राव व्हायचा. उलट एएफ असून ‘आम्ही अ‍ॅस्पिरिन देतोय की’ म्हणून निर्धास्त राहणारेही पाहिलेत. एएफच्या लकव्यापासून अ‍ॅस्पिरिन पुरेसं वाचवत नाही.

आपल्याकडची एक खास गोष्ट. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्यात हृदयाची झडप खराब झाली, आणि चाळिशीत एएफ सुरू झालं, असे पेशंट मुंबईत अजूनही भरपूर येतात. अशांना रक्त पातळ करायच्या नव्या, तपासणीची कटकट नसलेल्या गोळ्या दिल्या तर? २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत त्यांच्यासाठी जुनी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) बघत द्यावी लागणारी गोळीच सरस ठरली. तेव्हा ‘अमक्याला नवी गोळी, मला जुनी का’ असं वाटून परस्पर बदलू नका. आणि जुन्या गोळीवर असताना पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते.

एएफमध्ये लय परत जागेवर आणायची की नुसता वेग आवरायचा, यावर मतं बदलत आलीत. २००२ च्या अफर्म चाचणीत दोन्हीत आयुष्यमानाचा फरक दिसला नव्हता. २०२० च्या ईस्ट चाचणीत मात्र एएफ नवं असतानाच लय सांभाळलेल्यांना फायदा झाला. तेव्हा होल्टरवर एएफ निघालं, तर ‘बघू पुढच्या वर्षी’ करत बसू नका. थायरॉइड, पोटॅशियम, हिमोग्लोबिन तपासून घ्या. घोरताना श्वास अडकतो का तेही डॉक्टरांना सांगा, एएफचं मूळ कधी कधी तिथे असतं.

तिसरं, सगळ्यात जास्त सापडणारं आणि बहुतेकदा निरुपद्रवी: एक्स्ट्रा ठोके. एक ठोका वेळेआधी पडतो, मग थोडी उसंत, मग एक जोरदार. लोक म्हणतात ‘छातीत धस्स झालं’. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला असेल तर बहुधा काही करावं लागत नाही. हे ठोके औषधाने दाबले की माणूस जास्त जगेल असं डॉक्टरांनाही एकेकाळी वाटायचं. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांवर कास्ट नावाची चाचणी झाली, तर ठोके कमी झाले आणि मृत्यू वाढले. १९८९ ची गोष्ट. तेव्हापासून रिपोर्टवरचा आकडा सुधारण्यासाठी गोळी द्यायची नाही, हे सगळ्यांनी मनावर घेतलं.

मंद ठोक्यांचं, पेसमेकरचं प्रकरण आईच्या वर्णनात बसत नाही, ते सोडते. पण धडधडीसोबत चक्कर येऊन पडल्या, छातीत दुखलं, दम लागला, तर होल्टरच्या तारखेची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा रिक्षा-टॅक्सी मिळेल तसं जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. कोणी कोसळलं, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने जोरात दाबायला लागा आणि दुसऱ्याला फोन करायला लावा. शॉकचं यंत्र येईपर्यंत तेवढंच आपल्या हातात असतं.

आता होल्टर. तो ज्याच्या नावाने आहे त्या नॉर्मन होल्टरचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं, वजन ३८ किलो. आता ते काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं. आईचा त्रास महिन्यातून दोन-तीनदाच होतो, म्हणून २४ तासांच्या होल्टरमध्ये तो सापडेलच असं नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: छातीवर चिकटवायचा सात किंवा चौदा दिवसांचा ईसीजी पॅच मिळेल का? माझ्या मते तुमच्या केसमध्ये त्याचे पैसे २४ तासांवाल्यापेक्षा जास्त सत्कारणी लागतील. कोणाकडे ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर धडधड होताना तीस सेकंद बोट ठेवून ती नोंद जतन करा, डॉक्टर बघतात. नुसता वेगाचा आकडा दाखवणाऱ्या मनगटी पट्ट्यावर विसंबू नका. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे धडधड सुरू झाल्याबरोबर गल्लीतल्या दवाखान्यात ईसीजी. तिथे ईसीजी मशीन चालू आहे का ते आधीच बघून ठेवा, रात्री कुठे उघडं असतं तेही.

होल्टर लावला की बायका घरात बसून राहतात. बसू नका. रोजचं सगळं करायचं, दादरचा पूल चढायचा, बाजारात जायचं, फक्त अंघोळ टाळायची. मुंबईच्या घामात छातीवरचे स्टिकर सुटतात, त्यामुळे दमट दिवसांत सुती सैल कपडे घाला आणि दोन जादा स्टिकर मागून घ्या. लोकलच्या गर्दीत वायरी खेचल्या जातात, त्या दिवशी गर्दीची वेळ टाळलेली बरी. आणि डायरी भरा, नुसतं ‘ठीक’ लिहू नका. वेळ लिहा, काय करत होतात ते लिहा.

पैशाचं. होल्टर महाग वाटला तर पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात, केईएम, सायन, नायर, कमी खर्चात होतो, रांग मात्र लागते. पुढे अ‍ॅब्लेशन किंवा पेसमेकरपर्यंत गेलंच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात. बिलाच्या खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारावं लागतं.

तज्ज्ञांकडे जाताना ते दोन्ही जुने नॉर्मल ईसीजी न्या. धडधड असतानाचा कागद मिळाला की डॉक्टर तो यांच्याशेजारी ठेवून ताडतात. कागद थर्मल असतो, काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून आजच मोबाइलवर फोटो काढा, झेरॉक्स करा. जपून ठेवायचा म्हणून लॅमिनेट करायला देऊ नका, उष्णतेने अख्खी पट्टी काळी पडते.