छोट्या मिलनपेटीत नवी राणी सोडली की माश्या तिला मारतात. काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की रावेरकडे तुमच्या मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत, राणीच्या मिलनासाठी तीन चौकटींच्या छोट्या पेट्या (मिलनपेट्या) करून त्यांत चार-पाच दिवसांची कुमारी, म्हणजे अजून नराशी मिलन न झालेली, राणी सोडता आणि दुसऱ्या दिवशी ती दारात मेलेली सापडते. मी चोपडा भागात हेच काम करतो. भाऊ, राणीला दोष देऊ नका. ती येण्याआधी पेटीतल्या माश्या तयार झालेल्या नसतात, खरी अडचण तिथे आहे.

पिलांना भरवणाऱ्या कोवळ्या माश्या परकी राणी सहज घेतात. फुलांवर जाणाऱ्या जुन्या माश्या तिला चावायला धावतात. म्हणून माश्या पिलांच्या चौकटीवरूनच घ्या, आणि मूळ राणी त्या चौकटीवर नाही हे आधी डोळ्यांनी बघा. पहिला झटका हलका द्या. जुन्या उडून जातात, चिकटून राहिलेल्या कोवळ्या असतात. त्या जोरात झटकून छोट्या पेटीत पाडा. मध-परागाची एक चौकट द्या, पण अंडी किंवा लहान अळ्या असलेली अजिबात नको. त्या मिळाल्या की माश्या स्वतःची राणी करायला घेतात आणि तुमची राणी त्यांना नकोशी होते. मग दार बंद करून, हवेला जाळी ठेवून, पेटी दोन-तीन दिवस अंधाऱ्या गार खोलीत ठेवा. खायला साखर असू द्या, जाळीवर रोज थोडे पाणी शिंपडा. आपल्याला राणी नाही ही जाणीव माश्यांना तिथे पक्की होते. नंतर संध्याकाळी पेटी जागेवर नेऊन दार उघडा.

आता राणी. चार-पाच दिवसांची कुमारी राणी देणे हा सगळ्यात अवघड मार्ग आहे. ती चपळ असते, घाबरून पळते, आणि पळणाऱ्या राणीवर माश्या तुटून पडतात. त्यापेक्षा पिकलेले राणीघर द्या, म्हणजे ज्यातून राणी लवकरच बाहेर येणार आहे ते मेणाचे घर. अंड्यापासून राणी बाहेर यायला 16 दिवस लागतात. एक दिवसाची अळी उचलून राणीघरात ठेवली असेल, तर त्यानंतर दहाव्या दिवशी ते हलवता येते. टोक खाली राहील असे धरा, झटका बसू देऊ नका, आणि माश्या दाट बसतात तिथे दोन चौकटींच्या मधोमध लावा. राणीघराच्या बाजूंना चिकटपट्टी गुंडाळून टोक मोकळे ठेवा, कारण नको असलेले राणीघर माश्या बाजूने फोडतात. दोन-तीन दिवसांनी बघा. टोकाचे झाकण गोल कापून लोंबत असेल तर राणी सुखरूप निघाली. कुशीला भोक दिसले तर ती आतच मारली गेली.

फळलेली, अंडी घालणारी राणी द्यायची असेल तर मात्र पिंजरा हवाच. सोबतच्या माश्या काढून टाका, तोंडाला पिठीसाखर आणि स्वतःच्या पेटीतला मध मळून केलेला घट्ट गोळा भरा. दोन-चार दिवसांत माश्या तो खाऊन तिला मोकळी करतात. पिंजऱ्याच्या जाळीला माश्या घट्ट चिकटून चावत असतील आणि बोटाने हलत नसतील, तर अजून सोडू नका. सैल फिरत जीभ आत घालून तिला भरवत असतील तर त्यांनी तिला मानले आहे. आणि सोडल्यावर राणीभोवती माश्यांचा गोळा झालाच, तर तो उचलून कोमट पाण्यात टाका. त्या पकड सोडतात, राणी वाचते.

आपल्या खान्देशात काळ फार महत्त्वाचा आहे. मूठभर माश्यांना पिलांची 34-35 अंशांची ऊब डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात राखता येत नाही, आणि एप्रिल-मेच्या चटक्यात तर मेणच मऊ पडते. फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात मला सगळ्यात बरी वाटते. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलतात, पराग येतो, मोठ्या पेट्यांत नर माश्या राहतात. नर अंड्यापासून निघायला 24 दिवस आणि वयात यायला आणखी साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून राण्या करण्याच्या बऱ्याच आधीपासून नरांची चौकट लावा. पेट्या एका ओळीत सारख्या तोंडाने ठेवू नका. नरांशी मिलनासाठी केलेल्या उड्डाणावरून परतणारी राणी शेजारच्या पेटीत शिरते आणि तिथे मारली जाते. दारांना वेगवेगळा रंग द्या, तोंडे वेगवेगळ्या दिशांना करा. विजेच्या तारांवर वेडे राघू बसत असतील ती जागा टाळा, ते उडती राणी टिपतात.

राणी निघाल्यावर दोन आठवडे पेटी उघडण्याचा मोह आवरा, निदान दुपारी तरी हात लावू नका, कारण उड्डाणे दुपारीच होतात. त्यानंतर सकाळी बघा. पोळ्याच्या एका घरात तळाशी एकच अंडे उभे दिसले की राणी फळली. तीन आठवडे उलटूनही अंडी नसतील किंवा एकेका घरात तीन-चार अंडी कडेला पडलेली असतील, तर त्या पेटीत नवी राणी वाया घालवू नका. माश्या दूर नेऊन झटका आणि पेटी पुन्हा कोवळ्या माश्यांनी भरा.