लिंबाखाली नाही, आत

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. नोकरी बर्मिंगहॅमला, बायकोला पाचवा महिना, आईचा आणि सासूबाईंचा व्हिसा कधी येईल त्याचा पत्ता नाही, आणि शेवटी लिहिलंस, ‘तिकडं बाळंतपणाला नवऱ्याला आत घेतात म्हणे, मी आत जाऊन करू काय?’ तू आपल्या आर्वीकडचा, म्हणून अरे-तुरे करतो. घरभाडं, बँक, मोबाईल हे सांगणारे तुला दहा भेटतील. मी फक्त या शेवटच्या प्रश्नाचं सांगतो.

माझी मोठी मुलगी 2011 साली गावाकडं झाली. मी दवाखान्याबाहेर लिंबाच्या झाडाखाली अकरा तास बसून होतो. सात-आठ चहा झाले, कापसाच्या भावावर चर्चा झाली. आत जाऊ का विचारलं तर आई म्हणाली, “तुले काय समजते त्यातलं, बस तिकडं.” धाकटा 2017 साली इंग्लंडात झाला. तिथं आई नव्हती, सासू नव्हती, लिंबही नव्हता. होतो तो मीच.

आधी निघायचं बघ. बहुतेक विमान कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि 36 आठवड्यांनंतर घेतच नाहीत. म्हणजे ‘पोळा झाला की जाऊ’ असं करत बसू नकोस. सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, रक्तगट, धनुर्वाताच्या लशीच्या नोंदी हातातल्या बॅगेत ठेव. पोचल्या आठवड्यात जीपीकडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव घाल आणि जवळच्या दवाखान्यातल्या मिडवाईफकडं, म्हणजे शिकलेल्या सुईणीकडं, नोंद कर. तिथं साधं बाळंतपण मिडवाईफच करते, डॉक्टर गरज पडली तरच येतो. तुझ्या बायकोला इंग्रजी जड जात असेल तर पहिल्याच भेटीत मराठी दुभाषी माग, त्याचे पैसे लागत नाहीत. ‘मी आहे ना सांगायला’ म्हणू नकोस. माझी बायको एरवी चांगलं इंग्रजी बोलते, पण कळा वाढल्या तसं सगळं इंग्रजी गेलं आणि ‘माय वं’ तेवढं राहिलं. मी एकटाच दोन्हीकडचं बोलत होतो आणि मध्ये तिचं अर्धं माझ्याच शब्दांत सांगून मोकळा झालो. ते तिनं अजून विसरलेलं नाही.

आता कळा. पहिल्या खेपेला सुरुवातीच्या कळा कित्येक तास चालतात, आणि फोन केला तर मिडवाईफ म्हणते, घरीच थांबा. आपल्या माणसाला हा अपमान वाटतो, मलाही वाटला होता. पण गर्भपिशवीचं तोंड साधारण 4 सेंटीमीटर उघडेपर्यंत घर बरं. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत वेळ मोज. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा नेमानं येऊ लागल्या की परत फोन कर. मात्र पाणी गेलं, रक्त दिसलं, पाणी हिरवट आलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळा असोत नसोत, लगेच फोन कर. आणि ॲपवर मोजत बसून तिच्याकडं पाहायचं राहू देऊ नकोस, मी तेच केलं होतं.

त्या वेळात तिला चालव, गरम पाण्याची आंघोळ घालायला मदत कर, मऊ खिचडी दे. दर दीड-दोन तासांनी लघवीला ने, कारण लघवीची भरलेली पिशवी बाळाचं डोकं खाली यायला अडवते. ही गोष्ट तिला आठवत नाही, तुला आठवली पाहिजे.

खरं काम हाताचं आहे. कळ आली की कमरेच्या तळाशी, माकडहाडाच्या वरचं जे सपाट हाड आहे, तिथं तळहाताची टाच लावून दाब. चोळू नकोस, दाब आणि धरून ठेव. कळ उतरली की सोड. माझी आजी सांगायची, दाई पाठीमागं बसून असंच दाबायची आणि बाई आढ्याला बांधलेल्या दोरीला लोंबकळायची. इंग्लंडच्या खोलीत मोठा चेंडू आणि पलंगाची पाठ होती, पण ओणवं राहणं, गुडघ्यावर टेकणं, पुढं झुकणं सारं तेच. उताणं पडून राहू नको म्हणून मिडवाईफ सांगते ते काही फॅशन नाही.

मग एक वेळ अशी येते की ती म्हणते, “हात नोको लावू मले.” तेव्हा लावू नकोस. नुसता तिथं राहा. फोन खिशात ठेव, गावाकडच्यांना दर तासाला बातमी द्यायची नाही. आणि ‘झालंच, थोडंच राहिलं’ असं म्हणू नकोस. थोडंच राहिलं हे तुला माहीत नसतं, आणि तिला ते खोटं कळतं. माझी बायको म्हणाली, “काऊन बोलून राहिला?” त्यानंतर मी फक्त तिच्यासोबत हळू श्वास सोडत बसलो, आणि तेच तिला बरं वाटलं.

कळा शमवायला गॅस मिळतो, अर्धा नायट्रस ऑक्साईड, अर्धा ऑक्सिजन. कळ सुरू होताच ओढायचा, कारण लागू व्हायला काही सेकंद जातात. नळी तिच्याच हातात राहू दे, तू तोंडाला धरू नकोस. पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे एपिड्यूरल, घ्यायचं की नाही हे तिनं ठरवायचं. ‘आमच्या आईनं काही घेतलं नव्हतं’ हे वाक्य बर्मिंगहॅमला नेऊ नकोस.

वैद्यकीय अभ्यास तपासून पाहणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात 17 देशांतल्या 15 हजारांवर बायकांचे 26 अभ्यास एकत्र पाहिले आहेत. सतत कोणी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात, कळांचा वेळही थोडा कमी होतो, असं त्यात निघालं. आपल्याकडं सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवू द्यावी अशी केंद्राची सूचना 2016 ची आहे. आई आणि सासूनं आत जे केलं ते रीत म्हणून नव्हतं, कामाचं होतं. आता त्या दोघींचं काम तुझ्या एकट्यावर आहे.

कधी काही अडलं की खोलीत एकदम सात-आठ डॉक्टर-नर्स घुसतात. घाबरू नकोस, बाजूला हो, तिच्या डोक्याशी उभा राहा आणि मराठीत बोल. सिझेरियन ठरलं आणि फक्त कमरेखाली भूल असेल, तर तुलाही आत घेतात. पूर्ण भूल असेल तर घेत नाहीत, तेव्हा बाहेर थांबावंच लागतं.

बाळ झालं की लगेच आईच्या छातीवर ठेवतात. ती ऑपरेशनला असेल तर तू शर्ट काढून बाळाला आपल्या छातीवर घे. तुझी आई व्हिडिओवरून मध चाटवायला सांगेल, तिथं वाईटपणा पत्करून नाही म्हण. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो, त्यातल्या जंतूंनी लहानग्याला बोट्युलिझम होऊ शकतो.

भारतातून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, म्हणून तुपातले डिंकाचे लाडू बांधून नेऊ नकोस. डिंक आणि खारीक ने, तूप तिथं मिळतं. आणि लाडू महिनाभर आधी तूच करायला शीक. मी शिकलो नव्हतो, म्हणून माझ्या बायकोनं बाळंतपणानंतरचं पहिलं खाणं म्हणून दवाखान्यातला गार टोस्ट खाल्ला.